दाखल्यातलं ‘बट’

सर, तुमच्या शाळेचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं, आणि गेल्या पाच महिन्यांत त्या कामानं जेवढा वैताग दिला तेवढा तहसिलीतल्या कुठल्याही अर्जानं आजवर दिलेला नाही. तुम्हाला जाऊन वीस वर्षं उलटून गेली. मध्यंतरी देश स्वतंत्र झाला, त्यालाही वर्ष झालं. शाळेची पाटी बदलली. ‘इंग्रजी’ हा शब्द गेला, गावातल्या लोकांच्या पैशानं रंगवलेली नवी पाटी आली, आणि आता गणित, भूगोल सगळं मराठीत शिकवतात. हे चांगलंच झालं, याबद्दल माझी तक्रार नाही. पण पाटी उतरली तेव्हा माजी विद्यार्थ्यांना एकदम उमाळा आला. तुमच्या हाताखालून गेलेले पंधरा-वीस जण एका रविवारी ड्रॉइंगच्या वर्गात जमले, आणि जुन्या शाळेची आठवण म्हणून एक पुस्तिका काढायची असं ठरलं. शाळा कशी निघाली, वाशीमचा जिल्हा मोडून कचेऱ्या अकोल्याला गेल्या तरी ती कशी टिकली, कोण कोण शिकून गेले आणि काय झाले, हे सगळं त्यात यायचं. लिहिणार कोण, असं विचारल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, आणि मला वेळ असतो असा सगळ्यांचा समज आहे.

मी अर्जनवीस आहे, सर. तहसिलीसमोर कडुनिंबाखाली एक पेटी मांडून बसतो आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज लिहून देतो, मराठीत नाहीतर इंग्रजीत. तुमचा विद्यार्थी हे काम करतो हे तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही, तुम्ही गेलात तेव्हा मी अजून मळ्यातच होतो. काम वाईट नाही. माझ्या इंग्रजी अर्जात चूक निघत नाही, हे तहसीलदारसुद्धा मान्य करतात. फक्त वेळ लागतो. गिऱ्हाईक उकिडवं बसून कंटाळतं, तंबाखू मळतं, शेवटी म्हणतं, “झालं का बावा?” आणि मी म्हणतो, “झालं, एकडाव वाचून पायतो.” ते एकदा वाचून पाहणंच माझ्या आयुष्यात सगळ्यांना जड गेलं. तुम्हालाही.

तुम्हाला माझा बाप आठवत असेल. तळ्याच्या खालच्या अंगाला आमचा वांग्या-मेथीचा मळा होता. आम्ही माळी, घरात कुणी पाटीला हात लावलेला नव्हता. बापानं मला इंग्रजी शाळेत आणलं त्या दिवशी तो वऱ्हांड्याच्या पायरीखाली उभा राहिला, वर आला नाही. तुम्ही वर बोलावलंत तेव्हा म्हणाला, “मास्तर, याले साहेब नका करू. याले कोनी कागद दाखून फसवू नये, येवढं करा.” तुम्ही हसलात आणि म्हणालात, “एवढंच ना? ते करू.” तुम्ही देशावरचे, तुमची भाषा आमच्या कानाला छापील वाटायची. पण आमच्या ‘मले-तुले’ला तुम्ही कधी हसला नाहीत, हे मी पुस्तिकेतही लिहिलं आहे. घरी कसंही बोला, तुम्ही म्हणायचात, इंग्रजीत मात्र एक काना इकडचा तिकडे झालेला मला चालायचा नाही.

रविवारी सकाळी मी तुमच्या घरी भाजी घेऊन यायचो. तुमच्या घरच्या बाई प्लेगात गेल्या, तेव्हापासून तुम्ही हातानंच रांधत होता, आणि वाईट रांधत होता. अंबाडीची भाजी करपलेली, भात चिकट, आणि ज्वारीची भाकरी तर तुम्हाला कधीच जमली नाही. ती तव्यावर जायच्या आधीच तुमच्या हातात तुटायची. मग मी हात धुऊन थापायला बसायचो आणि तुम्ही पाटावर बसून मला क्रियापदं विचारायचात. एकदा तुम्ही बराच वेळ माझ्या हाताकडे बघत राहिलात आणि म्हणालात, “तू भाकरीसुद्धा सावकाश थापतोस रे.” मी म्हणालो, “हो सर.” तुम्ही म्हणालात, “पण एकही तुटली नाही.” तेव्हा ‘पण’ कुठं घालायचं ते तुम्हाला बरोबर माहीत होतं.

कारण ते आम्हाला शिकवलंत तुम्हीच. सातवीच्या वर्गात एक अख्खा तास तुम्ही ‘बट’ या एका शब्दावर घालवला होता. फळ्यावर दोन वाक्यं लिहिलीत. हा मनुष्य गरीब आहे पण सज्जन आहे. हा मनुष्य सज्जन आहे पण गरीब आहे. मग विचारलंत, यातल्या कुणाला तुम्ही मुलगी द्याल? सगळा वर्ग हसला. तुम्ही म्हणालात, शब्द तेच आहेत, एकही वाढला नाही, एकही गेला नाही. वाक्यात ‘बट’ आलं की त्याच्या पुढे जे येतं तेच ऐकणाऱ्याच्या हाती राहतं, मागचं गळून जातं. मग मला उभं करून त्याच वाक्याचं व्याकरण चालवायला सांगितलंत. मी एकेक शब्द घेऊन चालवत होतो. तुम्ही खिशातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलंत. मी कर्त्यापाशीच होतो. मागं कुणीतरी घोरल्यासारखा आवाज केला. तुम्ही म्हणालात, “तुझं बरोबर आहे, पण परीक्षेतलं घड्याळ तुझ्यासाठी थांबणार नाही. बस खाली.” मी बसलो. ते वाक्य मी पूर्ण केलं असतं, सर. चारच शब्द राहिले होते.

आणि दुसरं, सहामाहीच्या पेपरात माझ्या गुणांची बेरीज तुमच्याकडून सातानं जास्त झाली होती, ते मी येऊन सांगितलं. माझा वर्गातला नंबर तिसऱ्यावरून नववा झाला. तुम्ही पेपर हातात घेऊन विचारलंत, “हे तुला कधी कळलं?” मी म्हणालो, “परवा.” तुम्ही म्हणालात, “मग दोन दिवस काय करत होतास?” मी म्हणालो, “बेरीज करून पायत होतो.” माझ्या दाखल्यात पुढं जे आलं ते बहुतेक त्या दिवशीच तुमच्या मनात लिहून झालं असावं, असा माझा तर्क आहे. खरं काय ते आता कुणाला विचारणार.

मॅट्रिक झालो तेव्हा तुम्ही मला घरी बोलावून तुमचा काळा लोकरी कोट दिलात. बाह्या बोटांवर येत होत्या. म्हणालात, नोकरीसाठी साहेबासमोर जायचं तर अंगावर कोट हवा. आणि कोटाच्या आतल्या खिशात तुमच्या हातानं एक लिफाफा घातलात, लाखेचा शिक्का मारलेला. त्यात माझ्या वर्तनाचा दाखला होता. म्हणालात, ज्याच्याकडे जाशील त्याच्या हातात बंद द्यायचा. मी पाया पडलो. त्या कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास होता, आणि मळ्यापर्यंत मी तो अंगातून काढला नाही, चैत्राचं ऊन होतं तरी.

जऊळक्याच्या स्टेशनवर तारेचं काम शिकायला एक उमेदवार हवा होता. मी गाडीनं गेलो. स्टेशनमास्तर आमच्याच भागातले, पोटानं जड, स्वभावानं बरे. त्यांनी शिक्का फोडला, कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि माझ्याकडे पाहिलं.

“तुया हेडमास्तरनं काय लिवलं, माईत हाय का तुले?”

“नाई साहेब. बंद होता.”

त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. मेहनती आहे, वागणूक निर्दोष आहे, आणि शेवटी, “ऑनेस्ट, बट स्लो.” कागद टेबलावर ठेवून ते म्हणाले, “आता तूच सांग. तार म्हनजे घाईचं काम. तिकून गाडी सुटून राह्यली, अन् इकडं तू इचार करून राह्यला. कसं जमन?”

मी म्हणालो, “मी चुकत नाई साहेब.”

“चुकत नसशीन. पन मास्तर काय खोटं लिवन?”

आणि मी म्हणालो, “नाई. ते खोटं लिहीत नाईत.”

सर, हे मी म्हणालो. माझ्याविरुद्ध माझीच साक्ष. त्यांनी कागद घडी करून परत दिला, चहा पाजला आणि म्हणाले, “पोस्टात पाय. पोस्टाले चालन.” पोस्टाला चालला नाही. तहसिलीतल्या कारकुनीला चालला नाही. अकोल्याला एका कापसाच्या कंपनीतल्या साहेबानं तर नुसत्या त्या शेवटच्या शब्दावर बोट ठेवून मला दाखवलं. तुम्ही ‘स्लो, बट ऑनेस्ट’ लिहिलं असतंत तर शब्द तेच राहिले असते. एकही वाढला नसता, एकही गेला नसता. फळ्यावर तुम्हीच दाखवलं होतं.

बापाला मी चौथ्या खेपेनंतर सांगितलं. तो वाफ्यात पाणी धरत होता. त्यानं फावडं बांधावर टेकवलं आणि विचारलं, “काहून नाई घेत?” मी इंग्रजीतलं मराठीत करून सांगितलं. तो म्हणाला, “मंग मास्तरकडं जा ना. म्हनाव, मास्तर, येवढा एक शबूद काढून टाका. त्यायले काय, दौत तं टेबलावरच हाय.” त्याला ते इतकं सोपं वाटत होतं, याचा मला त्या वेळी राग आला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तुमच्या फाटकापर्यंत आलो. तुम्ही वऱ्हांड्यात आरामखुर्चीत वह्या तपासत होता. चष्म्यावरून पाहिलंत आणि विचारलंत, “काय रे, काय काम काढलंस?” दाखला माझ्या खिशात होता. मी म्हणालो, “उद्या वांगी आनू का, इचारायले आलो.” तुम्ही म्हणालात, “आण. चार पुरे.” आणि पुन्हा वहीत मान घातलीत. मी वांगी आणून दिली. त्यानंतरही रस्त्यात दोन-तीनदा भेटलात, कुठं लागलास म्हणून विचारलंत, मी बघतो आहे म्हणालो, आणि तुम्ही म्हणालात, “होईल, सावकाश होईल.” पुढच्या हिवाळ्यात तुम्हाला न्यूमोनिया झाला आणि चार दिवसांत तुम्ही गेलात. मी स्मशानात मागं उभा होतो. पुढं जागा नव्हती, इतकी पोरं जमली होती.

एवढ्यावर सगळं मिटलं होतं, सर. मी रागावलो होतो आणि राग जुना झाला होता. या पुस्तिकेनं तो पुन्हा उकरून काढला. नव्या हेडमास्तरांनी मला जुनं कपाट उघडून दिलं. त्यात हजेरीपटांच्या खाली तुम्ही आमच्या वर्षाला दिलेल्या दाखल्यांच्या नकलांची वही निघाली. तुम्ही जो दाखला द्यायचात त्याची नक्कल तुमच्याच हातानं त्या वहीत उतरवून ठेवायचात, नाव, तारीख, मजकूर. नामांकित माजी विद्यार्थ्यांबद्दल काही सापडेल म्हणून मी वाचू लागलो. पहिल्याच पानावर आसेगावचा तो, जो आता इथला मोठा वकील आहे आणि आमच्या समितीचा अध्यक्ष आहे. त्याच्याबद्दल तुम्ही लिहिलं होतं, हुशार आहे पण भरवशाचा नाही. मला हसू आलं. पुढं किन्हीराजाचा एक, आता नागपूरला मोठा अंमलदार. कष्टाळू आहे पण भांडखोर. पान उलटावं तिथं एक ‘बट’. माझ्या एकट्याच्याच नशिबी नव्हतं तर. मला त्या दिवशी जरा बरंही वाटलं. मग लक्षात आलं की प्रत्येकाच्या नकलेखाली, चार-सहा दिवसांनंतरच्या तारखेनं, आणखी एक नक्कल आहे. वकिलाच्या खाली, हुशार आणि धडाडीचा. अंमलदाराच्या खाली, कष्टाळू आणि निर्भीड. दुसऱ्या नकलांमध्ये ‘बट’ कुठंच नाही. मी माझं पान काढलं. तिथं एकच नक्कल होती. खाली अर्धं पान कोरं.

मी वही काखेत मारून थेट बाजारात गेलो. तिथं माझा एक वर्गमित्र टिनाचे डबे आणि कंदील विकतो. त्याचा बाप पत्र्याचं काम करायचा, मुसलमान, नेक माणूस, तुम्हाला माहीत होता. मित्र शाळेतून निघाला तो रेल्वेच्या कारखान्यात लागला आणि बापामागं परत येऊन दुकानात बसला. मी वही त्याच्यापुढं उघडून ठेवली. तो चष्मा लावून आपलं पान वाचू लागला. कुशल आहे पण उद्धट. तो मनापासून हसला.

“हे अजून हाय का? मी तं त्याच आठवड्यात परत गेलो होतो,” तो म्हणाला. “म्हटलं, हेडमास्तर साहेब, हे उद्धट कायले लिवलं, मले कोन ठेवन?”

“पण तुला कळलं कसं? लिफाफा तर बंद होता.”

“अबे, अब्बाची सुरी गरम केली, लाख अल्लाद सुटली. मंग सगळ्यायचे लिफाफे मीच खोलून देल्ले, या दुकानात, इथंच. वकील तं दोनदा आला.” तो थांबला आणि माझ्याकडे नीट पाहू लागला. “तू नाई आला?”

“सर काय म्हणाले तुला?”

“काय म्हनतीन. शिक्का पायला, म्हनाले, तुझ्या वडिलांची सुरी चांगली आहे. अन् बसल्या जागी दुसरा लिहून देल्ला. मले वाटते त्यायले सगळं ठाऊक होतं. जो येईन त्याले देत.” मग हळू आवाजात पुन्हा विचारलं, “खरंच नाई गेला तू? कदीच?”

मी वही मिटली. त्यानं नोकराला चहा आणायला पाठवलं.

आता मला सांगा, सर. जो येईल त्याला बदलून द्यायचा होता, तर मुळात लिहायचा कशाला? खरं होतं तर बदललंत का? आणि बदलायचाच होता, तर मी फाटकात उभा होतो तेव्हा माझ्याकडे एकदा नीट बघायला काय हरकत होती? नोकरी नाही, अंगावर तुमचाच कोट, आणि हा पोरगा वांग्यांची संख्या विचारायला संध्याकाळचा मैलभर चालत आला, हे तुम्हाला खरं वाटलं? वर्गातल्या पस्तीस जणांत सांगितल्याप्रमाणे लिफाफा बंद ठेवणारा एकटाच होतो, आणि दुसऱ्या नकलेशिवायचं पान माझं एकट्याचंच आहे. मी तुमचं ऐकलं, म्हणून कडुनिंबाखाली बसलो आहे. हे मी इतक्या वेळा मनात म्हटलं आहे की आता ते पाठ झालं आहे.

पुस्तिकेतलं तुमच्यावरचं प्रकरण मी चार पानं लिहिलं. भाकरी, प्लेग, व्याकरणाचे तास, सगळं घातलं. समितीत वाचून दाखवलं तेव्हा वकील म्हणाला, “बाकी सगळं झकास. एक वाक्य घाला. सरांनी दाखल्यातला शब्द कधीही, कुणाच्याही भिडेखातर बदलला नाही. असे तत्त्वाचे गुरू आता होणे नाही.”

मी म्हणालो, “वकील साहेब, तुमचाच बदलला आहे.” आणि वही पुढं केली.

वकिलानं वही उघडली नाही. तो रागावलाही नाही, कोर्टातली भाषा मात्र त्याच्या तोंडून गेली. “हे पाय,” तो म्हणाला, “सर गेले, शाळा गेली. आता लोकायले काय सांगाचं, का हेडमास्तर फोडलेली लाख पाहून कागद बदलून देत? तू शाळेतबी असाच होता. सगळे निंगून जात, अन् तू तपासतच राहे.” काही जण हसले, आणि पुढचा विषय निघाला. मी त्या दिवशी घरी येऊन बायकोला सांगितलं की हे वाक्य मी लिहिणार नाही, काय करायचं ते करा.

पुस्तिका गेल्या आठवड्यात अकोल्याहून छापून आली. नामांकितांच्या यादीत माझं नाव नाही, ते अपेक्षितच होतं. आतल्या पानावर बारीक टाइपात संकलक म्हणून आहे. बाजारातल्या मित्रानं अकरावं पान उघडून मला विचारलं, “हे काहून लिवलं? बदलला नाई म्हनते. आपल्याले तं माईत हाय.” मी म्हणालो, वकिलानं परस्पर छापखान्यात घातलं असेल. त्यानं मान हलवली. बायकोलाही मी तेच सांगितलं.

ते खरं नाही, सर. छापखान्यात गेलेली प्रत सगळी माझ्या अक्षरात होती, आणि ते वाक्यही माझ्याच अक्षरात आहे. वकिलानं पुन्हा विचारलंसुद्धा नव्हतं. शेवटची नक्कल करताना मी त्या जागी थांबलो, आणि मग लिहिलं. तुम्ही कुणाचाच दाखला बदलत नव्हता असं असेल, तर त्या संध्याकाळी मी विचारलं असतं काय आणि नसतं काय, सारखंच होतं. ते पान मी आता पाच-सहा वेळा वाचलं आहे, आणि दर वेळी थोडं बरं वाटतं.